नमुन्याआधीचा फोन

आमच्या शहराच्या सांडपाणी केंद्रावर मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात साहेबांनी हातात एक तक्ता ठेवला. गॅरेजवाले, फरसाणवाले, छोटे कारखानदार यांनी भुयारी गटारात काय आणि किती सोडायचं, याच्या मर्यादा त्यात होत्या. तेल, आम्ल, निकेल, क्रोमियम. आमच्या केंद्राला झेपेल तेवढंच, असा त्याचा साधा अर्थ. मोठ्या टाकीत खालून हवा सोडायची आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू घाण खाऊन पाणी निवळवतात. घाण कितीही आली तरी ते पचवतात, पण धातू त्यांना मारून टाकतो.

ती टाकी सांभाळायला ठेकेदाराचा एक माणूस होता. धडगावच्या वरच्या पाड्यातला, चाळिशीचा. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलायचा, माझ्याशी जपून, शब्द निवडून मराठी. शाळा सातवीत सुटलेली. पण सकाळी टाकीच्या कठड्यावर उभं राहून तो जे सांगायचा, तेच दुपारी माझ्या तपासणीत यायचं. फेस पांढरा की तपकिरी, वास मातीचा की नाल्याचा, यावरून त्याला सगळं कळायचं. मी पदवीधर असून निम्मं काम त्याच्याकडूनच शिकले.

चेंबरची झाकणं उघडून कारखान्यांच्या पाण्याचे नमुने घेणं माझ्याकडे होतं. कधी जायचं ते मीच ठरवायची आणि कुणाला कळू द्यायचं नव्हतं. कारखान्यांच्या यादीत एक नाव ओळखीचं निघालं. म्हसावदचे, वडिलांचे मित्र. त्यांना मी काकाच म्हणायची. नळांना आणि गाड्यांच्या सुट्या भागांना निकेलची चकाकी चढवायचं त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा काकांनी त्यांना आपल्या गाडीत घालून सुरतेला नेलं होतं आणि दवाखान्यात आठवडाभर बाकावर झोपले होते.

मी नोकरीला लागल्याचं कळल्यावर ते पेढे घेऊन घरी आले. निघताना दारात हळूच म्हणाले, "पोरी, तू येवाना पहिले माले फक्त सांगी दे. त्या दिन मी काम बंद ठेवसू."

मी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही. आणि पहिल्या खेपेच्या आदल्या दिवशी फोन केला. त्यानंतर दर वेळी करत गेले. त्यांच्या चेंबरचा नमुना नेहमी स्वच्छ यायचा आणि मी तो तसाच नोंदवायची. नोंद खोटी नव्हती, असं मी स्वतःला सांगत असे.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी टाकीवरचा तो माणूस प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, टाकी मेली."

मी धावत गेले. गाळ काळवंडून वर आला होता, वास नाकाला सहन होत नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली काहीच हलत नव्हतं. केंद्र कित्येक दिवस बंद पडलं, घाण पाणी तसंच नाल्याला गेलं, नाल्याच्या कडेच्या भाजीवाल्यांनी आरडाओरडा केला.

साहेबांनी आम्हाला बोलावलं. ठेकेदार म्हणाला, "यानं हवेची मशीन बंद ठेवली असणार. झोपला असेल."

"साहेब, मशीन चालू होती," तो म्हणाला. "हे वरून आलं. काही विषारी आलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, कारखान्यांचे नमुने?"

"सगळे मर्यादेत आहेत," मी म्हणाले.

त्याच दिवशी ठेकेदारानं त्याला काढलं. त्यानं डबा उचलला, मला नेहमीसारखा नमस्कार केला आणि गेला. तो माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं.

काही दिवस तसेच गेले. शेवटी कुणाला न सांगता काकांच्या चेंबरवर गेले. बाटलीत पाणी हिरवट आलं. निकेल मर्यादेच्या कितीतरी पट. अहवाल लिहिला आणि त्यासोबत फोनचंही लिहून दिलं. मला समज मिळाली, पगारवाढ थांबली. काकांना नोटीस गेली. त्यांनी पाणी साफ करायची स्वतःची टाकी बसवली, पण बोलणं कायमचं टाकलं. वडील वारले तेव्हा आले, माझ्याकडे न बघता आत गेले. एवढंच म्हणाले, "पहिलाच दिन 'नही' म्हणी देती, तर टाकी तव्हयच बसाडतू."

ते खरंही असेल. त्यांनी मला विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं असतं तर कदाचित तेही वाचले असते.

टाकीवरच्या त्या माणसाला परत घ्यावं असं मी साहेबांना दोनदा लिहून दिलं. ठेकेदार बदलला होता, कागद फिरत राहिला. मग एका रविवारी तळोद्याहून जीपनं घाट चढून धडगावला गेले आणि विचारत विचारत त्याच्या पाड्यावर पोचले. तो पावसानं सरकलेली कौलं बसवत होता. खाली उतरला, खाट टाकली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. फोन, काका, नमुने.

त्यानं तांब्या उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "ताई, मला तेव्हाच वाटलं होतं, तुम्हाला माहीत आहे."

"मग बोलला का नाही?"

"माझं कोण ऐकणार होतं? तुमचं ऐकलं असतं."

मी नोकरीचा विषय काढला. त्यानं मान हलवली. गुजरातमध्ये ऊसतोडीला जातो, पुढच्या महिन्यात पुन्हा निघायचं आहे म्हणाला. बायकोनं मला जेवून जायचा आग्रह केला. मी जीप सुटेल म्हणून उठले.

घाट उतरताना ध्यानात आलं, की मी सगळी हकीकत सांगितली, कागद कुठे अडलाय तेही सांगितलं. माफी मात्र मागितलीच नाही. पुन्हा गेले तेव्हा घराला कुलूप होतं.