व्हॅनमधला केळीचा चीक

१७ फेब्रुवारी १९८९. नवऱ्याची पांढरी पँट भिजत घालायला घेतली आणि उजव्या गुडघ्यावर डाग दिसला. तपकिरी, कडेला काळसर. साबण लावून घासला, हलला नाही. जळगावात संसार करणाऱ्या बाईला हा डाग लगेच कळतो. केळीचा चीक.

आदल्या दिवशी नवरा धुळ्याला एक जुनी व्हॅन बघायला गेला होता. मी दारातूनच विचारलं, "गुडघा कुठे टेकला होतात?"

"व्हॅनमध्ये. बाकाखाली बघत होतो."

"तिथे केळी होती?"

"केळी कुठून येणार? दलाल म्हणाला, वर्षभर शेडमध्ये उभी आहे. वाटेत मी दोन केळी खाल्ली, त्याचा लागला असेल."

शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस हे बोलत होता. पिकलेल्या केळ्याला चीक कुठला? चीक असतो नुकत्याच कापलेल्या घडाच्या दांड्याला, आणि ओला असला तरच कपड्याला लागतो. म्हणजे वर्षभर उभ्या असलेल्या गाडीतून कालपरवाच घड वाहिले होते. त्याला गाडी आवडली होती, म्हणून हे सुचत नव्हतं.

गाडी हवी होती सासूबाईंसाठी. घरात सगळे त्यांना अक्का म्हणत. दोन वर्षांपूर्वी ओट्यावरून पडल्या तेव्हापासून अर्ध्या तासाच्या वर बसता येत नव्हतं. एसटी बंदच झाली. झोपून जायचं आणि दर तासाला उतरून चार पावलं चालायचं, असा डॉक्टरांचा हुकूम होता, आणि रेल्वे कोणासाठी दर तासाला थांबत नाही. अक्कांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. एवढं एकच मागणं त्यांनी लावून धरलं होतं.

ती व्हॅन मूळची एका जैन व्यापाऱ्याची. ती माणसं बाहेरचं खात नाहीत, म्हणून यात्रेसाठी त्यांनी आत स्टोव्हची पेटी, पाण्याची टाकी आणि झोपायला लांब फळी करून घेतली होती. हे खरं होतं. पण व्यापाऱ्यानंतर गाडी दलालाकडे आली होती, आणि पुढचं तो सांगेल तेवढंच आम्हाला ठाऊक.

रविवारी मीही धुळ्याला गेले. दलालाने खुर्ची पुसून पुढे केली. "बसा वहिनी, चहा सांगतो. साहेबांनी सगळं बघितलंय."

"मी थोडंसंच बघते." मी आत चढले आणि बाकाखालचं लिनोलियम कोपऱ्यातून उचललं. खाली काळे डाग, आणि दाराच्या खाचेत केळीच्या वाळक्या पानाचा तुकडा.

"देवाला नेली असतील हो केळी," दलाल म्हणाला.

"कोणता देव घडच्या घड खातो, भाऊ?"

नवरा खोकला. मी खाली उतरून मागच्या चाकाशी वाकले. स्प्रिंगच्या पाट्यांच्या थरात एक पाटा बाकीच्यांहून वेगळा, नव्या रंगाचा होता. दलाल म्हणाला, "गाडी मजबूत केली." मजबूत झाली होती ती ओझ्यासाठी. रिकामी गाडी अशा पाट्यांवर माणसाला नुसती आपटते. मी फळीवर आडवी झाले आणि म्हटलं, "चालवा, रेल्वे फाटकापर्यंत."

"वहिनी, तुम्ही झोपून?"

"गाडी झोपण्यासाठीच घ्यायची आहे."

फाटकाच्या रुळांवर माझं डोकं दोनदा फळीवर आपटलं. परत आल्यावर सांगितलं, "जास्तीचा पाटा काढा, मग बोलू."

नवऱ्याचं डोकं आता नव्या गाडीकडे वळलं. महामार्गाच्या कडेला बॉडी बांधणारा एक कारखाना होता. तिथे दुसऱ्या कोणाची एक व्हॅन नुकतीच तयार झाली होती, रंग असा की तोंड दिसावं. मी केसातला आकडा काढून आतल्या फळीच्या सांध्यात टोचला. अर्धा आत गेला. सांधा पुट्टीने भरलेला, आतलं लाकूड ओलं.

मिस्त्री चिडला. "ताई, नव्या गाडीत आकडे कोण खुपसतं?"

"आत जातो, म्हणून खुपसला."

शिवाय आमची नवी मिळायला चार-पाच महिने. लाकूड वाळलं की सांधे उघडणार, आणि ते आम्हाला समुद्राच्या वाटेवर कळणार. जुन्या गाडीचे हाल जे व्हायचे ते होऊन गेले होते. दलाल खोटं बोलला, पण डाग आणि पाटा समोर होते.

पुढच्या रविवारी दलाल पाटा काढून व्हॅन जळगावला घेऊन आला. मी खाली शिरून पाटे मोजले, मगच अक्कांना फळीवर निजवलं. जवळच्या पाळधी गावापर्यंत नेलं आणि आणलं. दलाल म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत सांगा, दुसरं गिऱ्हाईक आहे." त्यावरही माझा विश्वास नव्हता.

रात्री जेवताना अक्कांना विचारलं, "कंबर कशी आहे?"

"बठ्ठं बरं शे."

"सगळं बरं कसं? खरं सांगा."

"माले समुद्र देखना शे," त्या म्हणाल्या आणि भाकरीकडे वळल्या. हे उत्तर नव्हतं. समुद्रासाठी ही बाई कण्हणंही गिळेल, हे मला माहीत होतं. त्यांचं ऐकून गाडी घेतली आणि अर्ध्या वाटेत कंबर धरली, तर परत कसं आणणार? दुखणं दुसऱ्या दिवशी वर येतं, म्हणून मी त्यांना आणखी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठायच्या आत मी त्यांचा पाण्याचा तांब्या स्टुलावरून उचलून खाली फरशीवर ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराआड तांदूळ निवडत बसले. कंबर धरली की त्या पडलेला टॉवेल उचलायलाही मला हाक मारत. त्या उठल्या. तांब्याकडे पाहिलं, मग दाराकडे. एका हाताने खाटेची कड धरून वाकल्या आणि भरला तांब्या न सांडता वर उचलला.

"देखी लिधं का?" त्या दाराकडे बघून म्हणाल्या.

मी तांदूळ बाजूला ठेवले, नवऱ्याला दलालाला फोन करायला सांगितलं, आणि अक्कांच्या गादीची खोळ उसवून व्हॅनच्या फळीच्या मापाने नवी शिवायला बसले.