राज्याबाहेरची गिऱ्हाइकं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिला माझ्या धंद्यातलं बारीकसारीक सगळं माहीत असतं. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही रिसोडला राहत नाही म्हणून. विमलताईंना तुम्ही ओळखत नाही म्हणून.

तर आधी त्यांच्याबद्दल सांगतो. माझ्याबद्दल सांगायला जरा वेळ लागेल.

विमलताई म्हणजे रिसोडच्या एका जैन कापड व्यापाऱ्याच्या घरची सून. दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचं ऑफिस. व्यापाऱ्यांची जीएसटीची रिटर्न भरून द्यायचं त्यांचं काम. सुरुवातीला कुणी जिना चढायचं नाही. अडते, दालमिलवाले आपले वाशिमला नाहीतर अकोल्याला जायचे. ताईंनी एकेक माणूस जोडला — कुणाची चुकलेली रिटर्न दुरुस्त करून, कुणाचा अडकलेला परतावा सोडवून. बाजारात बाईनं असं नाव मिळवणं सोपं होतं का? नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी जऊळक्याचा. पुण्यात काही वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केली, मग परत आलो आणि रिसोडात खोली घेऊन अडत दुकानांसाठी एक प्रोग्रॅम बनवला. सोयाबीन आलं की वजन, हमाली, तोलाई सगळं मांडून शेतकऱ्याच्या हिशेबाची पट्टी छापून मिळायची. तो विकायचाही ऑनलाइन — मोबाइलवरून वर्षाचं सबस्क्रिप्शन भरायचं की लगेच सुरू. डोळ्यांना दिसत नाही अशा वस्तूसाठी आमच्याकडं कोण पैसे देणार? पहिली गिऱ्हाइकं ताईंनीच आणली. आपल्याच भागातला मुलगा आहे, एक सीझन वापरून तर पाहा, असं त्या सांगत फिरल्या. मी त्यांना काही दिलं नव्हतं, त्यांनी मागितलंही नव्हतं.

धंदा वाढला तेव्हा माझी जीएसटीची नोंदणीही त्यांनीच केली. आणि त्या दिवशी मला समोर बसवून नीट समजावलं. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं असेल तर कर अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. बाहेरच्या राज्यातलं असेल तर तो वेगळ्या खात्यात जातो. आणि गिऱ्हाइकाचा स्वतःचा जीएसटी नंबर असेल तर तो बिलावर हवाच — नाहीतर त्यानं भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही. दुकानात माणूस समोर उभा असतो, ऑनलाइनवाल्याला मात्र विचारून घ्यावं लागतं, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला सरळच विचारलं, "बाहेरच्या राज्यातले गिऱ्हाईक आहेत का? त्यायचा पत्ता, नंबर घेऊन राह्यले ना तुमी?"

मी म्हणालो, सगळे महाराष्ट्रातलेच आहेत. आणि हो, नंबर घेतो.

दोन्ही खोटं होतं. माझ्या वेबसाइटवर मी फक्त नाव आणि मोबाइल विचारत होतो. जास्त विचारलं तर माणूस मधेच सोडून जाईल, ही भीती. बुऱ्हाणपूरचे, आदिलाबादचे असे राज्याबाहेरचे व्यापारी आलेले मला बोलण्यावरून कळत होते — ते फोन करायचे की. पण पुढं बघू, असं वाटलं. पुढं बघू म्हणत किती महिने जातात, हे धंदा केलेल्या माणसाला सांगायला नको. ताई माझ्या शब्दावर रिटर्न भरत राहिल्या.

ही झाली चूक. लबाडी म्हणा. पण मला जे सांगायचं आहे ते हे नाही.

रिसोडच्या बाजारात एक मोठे शेठजी होते, तेही ताईंकडूनच रिटर्न भरून घ्यायचे. त्यांचे साडू बुऱ्हाणपूरला अडत चालवायचे आणि शेठजींच्या सांगण्यावरून त्यांनी माझं सबस्क्रिप्शन घेतलं होतं. त्या साडूंच्या लक्षात आलं की माझ्या बिलावरचा कर त्यांच्या वजावटीत दिसतच नाही. शिवाय बिलावर महाराष्ट्राचा कर लावलेला. रक्कम फार नव्हती. पण शेठजींना शंका आली — माझंही तर नाही ना असं काही होऊन राह्यलं? त्यांनी मला गादीवर बोलावलं. दुकानात आणखी तीन-चार व्यापारी बसले होते. चहा आला.

शेठजींनी विचारलं, हे असं कसं झालं?

आणि मी म्हणालो — "ते काम विमलताई पाहतात."

बघा, वाक्य खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतक्या सहज बोलता आलं. एवढ्यावर थांबलं असतं तरी... पण शेठजी बाकीच्यांकडं वळून म्हणाले, "बाईमाणसाच्या हाती हिशेब देल्ला की असंच होते." सगळे हसले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरेसं होतं — ताईंनी मला विचारलं होतं, मीच खोटं सांगितलं.

मी हसलो. त्यांच्याबरोबर हसलो आणि चहा प्यायलो.

शेठजींनी त्यांचं काम ताईंकडून काढून वाशिमच्या सीएला दिलं. मग त्या दिवशी गादीवर बसलेल्यांनीही दिलं. ताईंनी वर्षानुवर्षं जोडलेली माणसं.

मी ताईंकडं गेलो तो माझ्या गरजेनं. बुऱ्हाणपूरवाल्याची तक्रार आता माझ्या अंगावर येणार होती. सगळं खरं सांगावं लागलं — म्हणजे गिऱ्हाइकांबद्दलचं. गादीवरचं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. एवढंच म्हणाल्या, "मी इचारलं होतं तुमाले." आणि कामाला लागल्या.

राज्याबाहेरच्या एकेका गिऱ्हाइकाला त्यांनी स्वतः फोन केला, पत्ते आणि नंबर मिळवले. बिलं दुरुस्त केली. चुकीच्या खात्यात गेलेला कर योग्य खात्यात नव्यानं भरायला लावला आणि आधी भरलेला परत मागता येतो, तो अर्जही केला. वेबसाइटवर पैसे घेण्याआधी राज्य आणि नंबर विचारायची सोय मला समोर बसवून टाकायला लावली. गिऱ्हाइकं सोडून जातील ही माझी भीती होती ना? एकही गेलं नाही. बुऱ्हाणपूरवाल्यांना त्यांची वजावट मिळाली. आज माझं सॉफ्टवेअर चार राज्यांत चालतं ते त्या कामाच्या जोरावर. त्या नसत्या तर मी पुन्हा पुण्याला नोकरी शोधत असतो.

काम संपल्यावर त्यांनी पूर्ण फी घेतली. मग म्हणाल्या, "मार्चनंतर दुसरा माणूस पाहा. शेठजी माह्याकडं येऊन सांगून गेले, तुमी काय म्हनलं ते."

म्हणजे हे सगळं करताना त्यांना माहीत होतं. फोन करताना, बिलं दुरुस्त करताना — सगळा वेळ. मी मान खाली घालून जिना उतरलो.

शेठजी आता नाहीत. ते होते तेव्हाही मी गादीवर जाऊन खरं सांगितलं नाही. वाट मोकळी होती. रोज त्याच रस्त्यानं जायचो.

ताईंनी हळूहळू नवं काम उभं केलं. ऑनलाइन विकणाऱ्यांचं — कुणी हळद विकतं, कुणी साड्या, कुणी मोबाइलवरच्या शिकवण्या. आता वाशिमहूनही लोक त्यांच्याकडं येतात. मला त्याचा आनंद आहे. तो सांगण्याचा हक्क मला नाही, तरी आहे.

मागच्या महिन्यात आसेगावच्या एका माणसाचा फोन आला. त्याला सबस्क्रिप्शन हवं होतं. कुणी सांगितलं, मी सहज विचारलं. म्हणाला, रिसोडच्या विमलताईंनी. प्रोग्रॅम चांगला आहे, बिल बरोबर येते, असं म्हणाल्या.

त्यानं विचारलं, "तुमी ओळखता का त्यायले?"

"ओळखतो," मी म्हणालो. "हा धंदा त्यांच्यामुळंच उभा आहे."

त्याला एवढंच सांगितलं. बाकीचं हे, तुम्हाला.