कुलपाला कुंकू

कृष्णाजी लाड निवृत्त झाले, पण त्यांच्या कंबरेचा किल्ल्यांचा जुडगा काही निवृत्त झाला नाही. त्यातल्या निम्म्या किल्ल्या कशाच्या, हे आता त्यांनाही सांगता येत नाही. ते चालले की त्या वाजतात, आणि यशवंतपूरच्या त्यांच्या गल्लीत सगळ्यांना कळतं की अण्णा बाहेर पडले.

बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी स्टोअरकीपर म्हणून काढली. नट, बोल्ट, बेअरिंग, ग्रीसचे डबे. पहाटे कारखान्याच्या बसने शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं, अंधार पडताना परत यायचं, आणि मधल्या वेळात उघडायचं आणि बंद करायचं. असल्या कामातून माणसाचं स्वतःचं एक तत्त्वज्ञान तयार होतं. कृष्णाजींच्या मते जगात वस्तू दोनच प्रकारच्या असतात: कुलपातल्या आणि हरवलेल्या.

कारखान्यात त्यांचा खरा दिवस असायचा तो आयुधपूजेचा, दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा. त्या दिवशी यंत्रं धुऊन पुसून त्यांना हार घातले जात, ट्रकपुढे कोहळा फुटे, चाकांखाली लिंबं ठेवली जात. बाकीचे लोक यंत्रांची पूजा करत. कृष्णाजी कुलपांची करत. स्टोअरमधली सगळी कुलपं ओळीने ठेवून प्रत्येकाला गंध आणि वर कुंकू. ती कुलपं हाताला चांगली जड, पोट सुटलेली. अनामिकेने त्या पोटावर टिळा लावला की कुलूप जेवून तृप्त झाल्यासारखं दिसे. कारखान्यात कधी चोरी झाली नाही. त्याचं श्रेय कंपनी पहारेकऱ्याला देई. कृष्णाजी कुणाला देत ते सांगायला नको.

निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एकच स्टोअर उरलं, ते म्हणजे त्यांची फियाट. दुधी रंगाची, गोल पाठीची, त्यांच्या लग्नाहून जुनी. एका डॉक्टरांकडून त्यांनी ती घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. ती रस्त्यात बंद पडली तरी कृष्णाजी ती बंद पडली असं म्हणत नाहीत. "विचार करतेय," म्हणतात, आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहतात. मागे हॉर्न वाजवणाऱ्यांना ते मान हलवून "स्वल्प, स्वल्प" म्हणतात, म्हणजे जरा थांबा, आणि त्या तेवढ्या एका कन्नड शब्दावर त्यांनी आजवर कितीतरी भांडणं टाळली आहेत.

आयुधपूजेला फियाटला स्नान, झेंडूचा हार, बॉनेटवर स्वस्तिक. आणि शेवटी, मागे जाऊन, डिकीच्या कुलपाला गंध आणि कुंकू. ही जुनी सवय. पण कारखान्यातल्या कुलपांना पोट होतं. या कुलपाला नुसतं तोंड. कृष्णाजींचं बोट पोट शोधत जाई आणि तोंडातच टेके. चोर मागूनच येतो, असं म्हणून ते जरा दाबूनही लावत.

आता कृष्णाजींच्या बायकोचं, कस्तुराबाईंचं सांगायला हवं, कारण पुढे डिकीत अडकलं ते त्यांचं होतं.

कस्तुराबाई तुमकूरच्या. लग्नात त्यांच्या आईने त्यांना पट्टद गोंबे दिले होते. म्हणजे राजा-राणीची लाकडी जोडी. इकडे मुलीला आई देते, आणि दर नवरात्रात पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात तेव्हा ती जोडी सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहते. ती उभी राहिल्याखेरीज बाकीच्या बाहुल्यांना बसता येत नाही. लाड घराणं इथं कन्नड मुलुखात कधीकाळी मराठ्यांच्या फौजेबरोबर आलेलं. त्यांच्यात नुसता घट बसायचा. सासूबाई म्हणाल्या, आपण मराठी, आपल्यात हे गोंबे-बिंबे नाही. नव्या सुनेने सांगितलं की राजा-राणीही मराठीच आहेत, बोलत नाहीत म्हणून कळत नाही. सासूबाई हसल्या आणि त्यांनीच माळ्यावरून फळ्या काढून दिल्या. तेव्हापासून जोडी एकाही वर्षी उभी राहायची चुकलेली नाही.

तुमकूरची आई आता नव्वदीच्या पुढे आहे, भावाकडे असते. नातवंडांची नावं विसरते, जेवलो की नाही ते विसरते. पण घटस्थापनेच्या सकाळी भाऊ तिच्यापुढे फोन धरतो तेव्हा ती लेकीकडे बघत नाही. तिच्या खांद्यावरून मागे बघते आणि विचारते, "उभे राहिले?" वर्षभरात तिला पडलेला हा बहुधा एकच प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर देणं हे कस्तुराबाईंचं काम असतं.

या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी माळ्याच्या भिंतीला ओल आली. रंगारी येणार म्हणून माळा रिकामा करायचा झाला. बाहुल्यांची पत्र्याची पेटी कुठे ठेवायची, असा प्रश्न निघाला तेव्हा कृष्णाजींनी एका क्षणात उत्तर दिलं: फियाटच्या डिकीत. कोरडी जागा, आणि वर कुलूप. त्या दिवशीही किल्ली जरा कुरकुरत आत गेली होती. कृष्णाजींनी डिकी लावल्यावर कुलपात खोबरेल तेल सोडलं. मग पावसाळा येऊन गेला.

अमावास्येच्या सकाळी, म्हणजे घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, किल्ली अर्धी गेली आणि थांबली.

कृष्णाजी म्हणाले, विचार करतेय. त्यांनी आणखी खोबरेल सोडलं. किल्ली तेवढीही जाईना. त्यांनी फुंकर मारली, किल्ली पुसली, जुडग्यातल्या अनोळखी किल्ल्याही एकेक लावून पाहिल्या, जणू एखादी चुकून दयाळू निघेल. दुपारी इंदिरानगरहून लेकीचा, रंजिताचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की अशी जोडी आता ऑनलाइन मिळते, उद्या सकाळपर्यंत दारात येईल.

"तिथं जुना नवरा देऊन नवा मिळतो का तेही बघ," कस्तुराबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

स्टेशनजवळ किल्ल्या करून देणाऱ्या गुंडोला बोलावणं गेलं. गुंडो निपाणीकडचा, चाळिशीचा, बोलका. त्याने आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, असली गाडी आपल्या मामाकडे होती म्हणाला, मग मागच्या सीटची पाठ उचकटून काढली. पाठीमागच्या पुठ्ठ्याच्या फटीतून पेटी दिसू लागली. दिसत होती, पण निघत नव्हती. पेटी रुंद, फट अरुंद, आणि कुलपाचा आकडा पेटीच्या पलीकडे. कस्तुराबाईंनी फटीतून हात घालून पत्र्यावर टकटक केलं. आतून अर्थातच कुणी ओ दिली नाही, पण त्यांना जरा बरं वाटलं.

मग गुंडोने कुलपात बारीक तार घातली. ती बाहेर आली तेव्हा टोकाला तांबूस चिकट काहीतरी होतं. त्याने ते फडक्याला पुसलं.

"गंज," कृष्णाजी लगेच म्हणाले. या वर्षीच्या पावसावर ते बराच वेळ बोलले.

गुंडोचं म्हणणं असं पडलं की आता ड्रिल मारून कुलूपच काढायचं. वाटलं तर तो नवं बसवून देईल. कृष्णाजींचा चेहरा उतरला. या गाडीला पहिल्यापासून एकच किल्ली: तीच दाराला, तीच डिकीला. नवं कुलूप म्हणजे दुसरी किल्ली. एका गाडीला दोन किल्ल्या म्हणजे एका घराला दोन मालक, असं ते म्हणाले. गुंडोने सांगितलं की त्याच्या घरी दोन मालक आहेत आणि दोन्ही बायका आहेत, एक बायको आणि एक सासू, तरी चाललंय. कृष्णाजींना हसू आलं नाही. त्यांनी ड्रिलला सरळ नाही म्हटलं आणि पाणी प्यायला आत गेले.

आत कस्तुराबाई फळ्यांवर पांढरं धोतर अंथरत होत्या. पायऱ्या मांडून झाल्या होत्या. त्यांनी वरच्या पायरीची सुरकुती हाताने काढली, मग परत एकदा काढली, जिथं आता सुरकुती नव्हती. रिकाम्या पायऱ्या माणसाला वर चढायला सांगतात. वर कुणी नसलं की त्या नुसत्या उभ्या असतात, आणि बघणाऱ्याला आपणच खाली राहिलो असं वाटतं. कृष्णाजी पेला हातात धरून तिथं थोडा वेळ थांबले. पाणी तसंच राहिलं.

बाहेर येऊन त्यांनी जुडग्यातून फियाटची किल्ली काढली आणि खिशात टाकली, मुलीला सासरी पाठवताना बाप दुसरीकडे बघतो तसे दुसरीकडे बघत.

"मार ड्रिल," ते म्हणाले.

गुंडोने वायर सोडली. कस्तुराबाई खिडकीतून प्लग लावून द्यायला आल्या आणि मग, काम कसं होतंय बघायला, बाहेर. गुंडोने बॉनेटवर टाकलेलं फडकं त्यांनी उचललं. दुधी रंगावर तेलकट फडकं टाकणाऱ्या माणसाला त्या काहीतरी ऐकवणार होत्या. पण फडकं हातात तसंच राहिलं. त्यांनी तो तांबूस डाग बोटांत चोळला. मग नाकाशी नेला.

"गुंडो, थांब जरा." त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुमच्या गंजाला चंदनाचा वास कसा येतोय?"

कृष्णाजींची अनामिका आपोआप मुठीत गेली.

"कुंकू लावता का तुम्ही ह्यात?"

"ह्यात नाही. ह्याला."

"किती वर्षं?"

"गाडी आल्यापासून," कृष्णाजी म्हणाले. आणि मग, जरा दुखावून, "गंध आधी. मग कुंकू."

"आणि त्यावर खोबरेल."

"ते किल्लीसाठी."

गुंडो ड्रिल मांडीवर ठेवून खाली बसला होता. त्याने आजवर कुलपांत काडेपेटीच्या काड्या पाहिल्या होत्या, च्युइंगगम पाहिलं होतं, एका भांडकुदळ घरमालकाने भाडेकरूच्या कुलपात ओतलेला डिंक पाहिला होता. भक्ती पहिल्यांदाच पाहत होता. "अण्णा," तो म्हणाला, "चोर आला असता तरी नमस्कार करून गेला असता."

कस्तुराबाई तोवर आत गेल्या होत्या. देवघरातली पितळी अन्नपूर्णा, चांदीचा लंगडा बाळकृष्ण, टाकांवरचे नाकडोळे, या सगळ्यांच्या सांदीत वर्षभर बसणारं गंध-कुंकू त्या नवरात्राआधी काढतात, आणि या वर्षीही आदल्याच दिवशी काढलं होतं. रिठ्याचं पाणी पातेल्यात उरलेलं होतं. ते त्यांनी कढत केलं. केसांतला आकडा काढला. नातीच्या औषधाची बिनसुईची सिरिंज फडताळात होती, ती घेतली.

पातेलं बघून कृष्णाजी आडवे आले. लोखंडात पाणी घालू नये, हे त्यांनी आयुष्यभर ज्याला त्याला सांगितलं होतं.

"तुम्ही गंध घातलंत, कुंकू घातलंत, तेल घातलंत," कस्तुराबाई म्हणाल्या. "अभिषेक तेवढा राहिला होता."

त्या पाटावर बसल्या, फियाटच्या पाठीमागे, रस्त्याकडे पाठ करून. सिरिंजने कढत पाणी आत, मग आकड्याने हलकेच टोकरणं, मग पुन्हा पाणी. पहिल्यांदा लालभडक ओघळ आला, तो दुधी पत्र्यावरून खाली नंबरप्लेटवर उतरला. मग नारिंगी. मग फिका, चहासारखा. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकी कुणीतरी पूजा आज का, असं विचारलं; उद्यापासून, असं गुंडोने सांगितलं. मधे एक तांदळाचा अख्खा दाणा बाहेर आला. कृष्णाजींनी तो तळहातावर घेतला. अक्षताही, हे त्यांनी सांगितलेलं नव्हतं.

पाणी स्वच्छ येऊ लागलं तेव्हा कस्तुराबाईंनी न बघता मागे हात केला. कृष्णाजींनी खिशातून किल्ली काढून त्या हातात ठेवली. गाडी घेतल्यापासून या किल्लीवर दुसऱ्या कुणाचा हात पडायची ही पहिलीच वेळ.

किल्ली आत गेली. फिरली. डिकी वर आली आणि त्यातून चंदनाचा, रबराचा आणि जुन्या पत्र्याचा असा एकत्र वास आला.

गुंडो जाताना म्हणाला की असं काम आपल्याला जमलं नसतं, आणि अक्का स्टेशनजवळ बसल्या तर आपला धंदा बसेल. कस्तुराबाईंनी त्याला चहा दिला आणि बॉनेटवर परत फडकं टाकू नको म्हणून सांगितलं.

घटस्थापनेच्या सकाळी तुमकूरहून फोन आला. भावाने आईपुढे धरला. तिने नेहमीसारखं लेकीच्या खांद्यावरून मागे बघितलं, बराच वेळ.

"उभे राहिले," ती स्वतःच म्हणाली. आणि मग, "राजा दमल्यासारखा दिसतोय."

"गाडीतून आला ना," कस्तुराबाई म्हणाल्या.

आईला ते पटलं. फियाटमधून ती स्वतःही एकदा तुमकूरला गेली होती.

आयुधपूजेच्या दिवशी फियाटला स्नान झालं, हार झाला, बॉनेटवर स्वस्तिक झालं. चाकांखाली लिंबं ठेवून कृष्णाजी कुंकवाची वाटी घेऊन मागे गेले. डिकीच्या कुलपावर कस्तुराबाईंनी आधीच एक औषधाची चिकटपट्टी लावून ठेवलेली होती, बोट कापल्यावर लावतात तसली, नीट, कडा दाबून.

कृष्णाजींनी पट्टीवरून नजर वर नेली. खिडकीत कस्तुराबाई होत्या. त्या बघत नाहीत असं दाखवत होत्या.

पट्टीला मधोमध कापसाचा छोटा फुगवटा होता. म्हणजे पोट होतं. कृष्णाजींनी अनामिका गंधात बुडवली आणि त्यावर टिळा लावला, जरा दाबूनच. मग कुंकू.