झोपू द्या त्याले

त्या खोलीचं दार मीच ओढून घेतलं. दिवाळी नुकतीच झालेली, लाखनीजवळच्या आमच्या गावात त्या दिवशी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, घरोघरी पाहुणे. अंगणात वडे तळणं चाललेलं, चौकात दंडारीच्या नाचगाण्याचा भोंगा सुरू... आणि आतल्या खोलीत माझा धाकटा भाऊ मनोहर घोरत होता. भरदुपारी! कितीतरी महिने डोळ्याला डोळा न लागलेला माणूस एकदाचा झोपला, म्हणून मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू. बायांना मी दटावलं, "हळू बोला वो, झोपू द्या त्याले." भोंग्याचं तोंडसुद्धा दुसरीकडे फिरवायला लावलं. उताणा झोपलेला, तोंड उघडं. मी त्याला जिवंत पाहिला तो शेवटचा असा. दीड महिना झाला.

मनोहरचं भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाला पाण्याचा गुंड देण्याआधी हा त्यावर टिचकी मारायचा आणि कान लावायचा. "आवाज बसला असन तं भांडं चिरलं समज, बाई," मला सांगायचा. थोरली म्हणून मी त्याची बाई. वीस वर्षं तो प्यायला, पण कधी तोल गेला नाही की जीभ अडखळली नाही. "आमच्या मनोहरले चढतच नाही," असं आम्ही चारचौघांत कौतुकानं सांगायचो. कौतुक! आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्याच्या पोरीचं लग्न जुळायला आलं तेव्हा त्यानं पिणं कमी केलं, आणि झोपच उडाली. हात थरथरायचे. होणारे व्याही भला माणूस, त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरकडे तेच आम्हाला घेऊन गेले. डॉक्टरनं विचारलं, "दारू घेता का?" मनोहरनं तोंड उघडलं. शेजारी व्याही बसलेले. त्याच्या आधी मीच बोलून मोकळी झाले, "नाही जी! आमच्या घरी कोणी शिवत नाही." डॉक्टरनं तसं लिहिलं. मनोहर फरशीकडे बघत राहिला. व्याही ऑटो बघायला गेले तेव्हा म्हणाला, "बाई, काहून खोटं बोलली? डॉक्टरले तरी सांगाले पाहिजे होतं."

"गप रे. पोरीचं होऊन जाऊ दे, मंग सांग कोणाले सांगायचं ते."

झोपेच्या एका गोळीनं त्याला काहीच होईना. "फुटाणे खाल्ल्यावानी लागते," म्हणायचा. मग आपल्याच मनानं वाढवत गेला. तरी झोप येईना, तेव्हा पुन्हा घोटघोट दारू. मी ओरडायची, पण मनातून वाटायचं, याचं शरीरच दणकट, याला काय होतं!

मंडईच्या दिवशी सकाळी मित्रांबरोबर मोहाची दारू झाली. जेवला, गोळ्या घेतल्या, आडवा झाला. घोरणं नेहमीसारखं नव्हतं, खरखरीत होतं. तासाभरानं त्याची बायको शालू कढईपाशी थबकली.

"बाई, यायचं घोरणं थांबून थांबून कसं येऊन राहिलं?"

मी कान दिला. मोठा खंड पडायचा... मग एकदम ओढल्यासारखा आवाज. "थकला आहे तो," मी म्हटलं, "तू उठवशीन तं पुन्हा येरझारा घालत बसन." तिनं झारा खाली ठेवला, परत उचलला. दोनदा ती त्या दारापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा मी तिला मागे फिरवलं. मग आवाज बंदच झाला. आणि मला, देवा... मला बरं वाटलं. म्हटलं, आता गाढ लागली. चहाच्या वेळी शालूनं दार उघडलं आणि तिच्या किंकाळीनं अंगणातले सगळे उठून उभे राहिले. तो गार पडला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावून सांगितलं. दारू आणि ती गोळी, दोन्ही शरीरात जवळपास सारखंच काम करतात. दारूला सरावलेलं शरीर गोळीलाही आधीच सरावलेलं असतं, म्हणून गोळी लागत नाही असं वाटतं आणि माणूस वाढवत जातो. पण श्वासाला तो सराव तेवढा होत नाही. दोन्ही एकत्र झाली की श्वास मंद होत होत थांबतो, आणि बाहेरच्याला वाटतं, घोरतोय. "गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना दारूचं सांगितलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं. शालूनं माझ्याकडे पाहिलं. अजूनही त्यावर ती बोललेली नाही.

तेरवीला व्याही आले. लग्न ठरल्याप्रमाणेच होईल म्हणाले. मला राहवेना, मी रडत रडत त्यांना सगळं खरं सांगून टाकलं.

"मले माहीत होतं जी," ते हळूच म्हणाले. "भंडाऱ्यात कोणाले माहीत नव्हतं? म्हणून तं मी डॉक्टरकडे नेलं. पण तुम्हीच नाही म्हणाल्या, मंग मी काय बोलू?"

डॉक्टरची ती चिठ्ठी तेव्हापासून माझ्याच पाकिटात आहे. शालूला द्यायची हिंमत होत नाही. घड्या पडून पडून कागद मधून फाटायला आलाय, औषधांची नावं तर मला वाचताच येत नाहीत. पण वर मनोहरचं नाव आहे, आणि खाली दारूपुढे 'नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहिलंय. तो शब्द त्यानं कधीच उच्चारला नव्हता. मी उच्चारला होता.