तोंड नको, हात घ्या

"तोंड नको. हातच घ्या."

असं अप्पा म्हणाला. माझ्या बापाच्या तोंडावर म्हणाला. जसं बाजारात उसाच्या गाड्यापुढं कुणी म्हणतं, शेंडा नको, बुडखाच दे.

लातूरच्या प्रदर्शनात, अप्पाच्या दुकानाच्या गाळ्यात, बा तबल्यापुढं उकिडवा बसला होता. अंगात धुतलेला सदरा. पटका त्यानं त्या सकाळी तीनदा सोडून तीनदा बांधला होता. कारण आदल्या दिवशी अप्पाचा निरोप आलेला, की उद्या फोटोवाला येणार हाय, बापलेक लौकर या. बानं साठी गाठली, पर फोटो म्हणून त्याचा कधी निघाला नव्हता. लग्नात न्हाई, जत्रेत न्हाई, कुठंच न्हाई. वाटंनं बसमध्ये मला दोनदा विचारलं, "डोळे उघडेच ठेवायचे असत्यात ना गं बाई?"

म्या म्हटलं, व्हय, उघडेच.

फोटोवाला सोलापूरहून आणलेला. त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला, मग अप्पाकडं बघितलं, तवा अप्पानं ते वाक्य टाकलं. बाला काही उमगलं न्हाई. तो मान वर करून, डोळे ताणून तसाच बसलेला. मग फोटोवाला म्हणाला, "बाबा, मान खाली. अजून खाली. पटका मधे येतोय."

बानं पटका काढून मांडीवर ठेवला.

"आता मागे सरका. हात तेवढे पुढे राहू द्या."

बा मागं सरकला. हात पुढं. अंग मागं ओढून हात पुढं ठेवायचे म्हणल्यावर माणूस कसा बसंल? चोराला खांबाला बांधावं तसा बसला माझा बाप. तरी विचारलंच त्यानं, "साहेब, माझं तोंड येतंय का त्याच्यात?"

फोटोवाला हसला. "तोंडाचं काय करायचंय बाबा? हात बघा किती छान आहेत. शिरा बघा."

चार फोटो काढले. चारीच्या चारी हाताचे. बा उठला, पटका बांधायला लागला, आणि चौथ्यांदा त्याला तो बांधता येईना. म्या बांधून दिला. माझ्याकडं बघत नव्हता तो. मला तवाच अप्पाच्या नरड्याला हात घालावा वाटला. घातला न्हाई. पर वाटला, हे लपवत न्हाई.

लातूर जिल्हा झालं त्याच्या मागंपुढंचं हे. जिल्हा नवा, पाट्या नव्या, कलेक्टर नवा, फक्त आभाळ जुनंच. सलग दुसरं साल पावसानं दगा दिलेला. आमच्या गावात हापशाला घागरींची रांग लागायची, आणि आमच्या वस्तीच्या बायकांनी हापशाला हात लावायचा न्हाई. कुणी दया करून वतलं तर घ्यायचं. असल्या सालात लातूरच्या व्यापाऱ्यांनी नव्या जिल्ह्याच्या खुशीत मैदानावर मंडप टाकून वाद्यांचं प्रदर्शन भरवलं. पेट्या, तबले, मृदंग, सतारी. तीन दिवसांचं. लांब लांबचे दुकानदार आलेले. सगळ्यात मोठा गाळा अप्पाचा.

आम्ही ढोर. कातडं कमवायचं, हे आमचं पिढ्यांचं काम. बा त्याच्यातून पुढं सरकून तबल्याच्या पुड्या बांधायला लागला. पुडी म्हणजे तबल्यावरचं कातडं. तिच्या मधोमध काळा गोल असतो ना, ती शाई. ती माझी. नवऱ्यानं टाकलं, भोकरहून बोचकं घेऊन माहेरी आले, चार महिने तोंडातून शब्द न्हाई निघाला माझ्या. तवा बानं माझ्या हातात घासायचा दगड दिला. कणकीची खळ, त्याच्यात लोखंडाचा बारीक कीस, त्याचा थर द्यायचा, वाळू द्यायचा, दगडानं घासायचा. मग दुसरा थर. असे पंधरा-वीस. शाई बसली की तबला बोलतो. न्हाई तर ते नुसतं डबडं. पहिल्याच दिवशी बानं दोन गोष्टी सांगितल्या. तयार शाईला पाणी दाखवायचं न्हाई. आणि चुकून भिजलीच, तर उन्हात ठेवायची न्हाई, सावलीत आपल्या आप वाळू द्यायची.

आमचा माल घेणारा अप्पा एकटाच. सगळा माल त्याच्या दुकानाच्या नावानं विकला जायचा. आमचं नाव कुठंच न्हाई, आणि आम्हाला त्याचं काही वाटतबी नव्हतं. खरं सांगते, तवर वाटत नव्हतं.

प्रदर्शनात रीत अशी होती. सकाळी दहाच्या आधी आम्ही गाळ्यात शिरायचं, बानं हातोडी घेऊन एकेक तबला सुरात आणायचा, म्या शाई पुसून बघायची. दहाला लोकं यायला लागली की आम्ही पडद्याच्या मागं. गाळ्यावर पाटी: 'कृपया वाद्यांना हात लावू नये.' चौथी शिकलेले मी, मला वाचता येत होतं. दहाच्या आधी ज्या हातांबिगर चालत न्हाई, दहानंतर त्याच हातांचा विटाळ. आणि बाकीच्यांना ती पाटी दिसायचीच न्हाई. डॉक्टरच्या बायकोनं बांगड्यांसकट तबला बडवला. एक जण पान खाऊन आला, तीच बोटं घेऊन त्यानं पेटी वाजवली. अप्पा म्हणायचा, "या ना साहेब, बघा ना वाजवून."

फोटो झाले तवा दहा वाजून गेले होते. बा पडद्यामागं जाऊन गुडघ्यात मान घालून बसला. मला तिथं थांबवंना. मी पुढून गेले, दाराकडून, जशी लोकं येतात तशी. पदर नीट केला आणि गाळ्यापुढं उभी राहिले. मधोमध लाल मखमलीवर एकच तबला मांडलेला. पुढं चिठ्ठी: 'खास बनावट'. ती पुडी मी वळखली. आईनं लेकरू वळखावं तशी. तिची शाई घासताना माझ्या अंगठ्याची साल निघाली होती. म्या हात पुढं केला आणि एक बोट वाजवलं. काय बोलला तो तबला! अंगावर काटा आला माझ्या. ह्यो सूर मी दिलाय, असं आयुष्यात पहिल्यांदा मनात आलं.

"ए बाई! काढ हात!"

अप्पा वरडला. गाळ्यातली सगळी लोकं वळून बघायला लागली. "पाटी दिसत न्हाई का? आरं, बघतो काय, पूस ते आधी."

अप्पाच्या गड्यानं दस्ती तांब्यात बुचकळली आणि ती पुडीवर फिरवली. अप्पाचं तेवढ्यानं भागलं न्हाई. त्यानं तांब्या घेतला, चूळभर पाणी हातात घेऊन तबल्यावर शिंपडलं. एकदा न्हाई, तीनदा. त्या सालात. जिथं माझी चुलती घागरभर पाण्यासाठी दोन कोस चालत होती, तिथं माझं एक बोट धुवायला ह्यांच्याकडं पाणी होतं. शाईवर पाण्याचे थेंब उभे राहिले. मग अप्पा गड्याला म्हणाला, "ठेव बाहेर उन्हात, वाळंल."

बा आवाज ऐकून पडद्याबाहेर आलेला. त्यानं ते बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आत्ताच ज्याच्या तोंडाची कुणाला गरज नव्हती तो माणूस, पर कारागीर मरत न्हाई हो. तो धावला. "अप्पा, पाणी नगा... उन्हात नगा ठेवू, शाई..."

"तू मागं जा. आणि लेकीला दावं लाव."

दावं. गुरांना लावतात ते.

बा आणिक काही बोलणार होता. म्या त्याची बाही धरली. धरली ती सोडलीच न्हाई. कानात सांगितलं, "बा, गप. एक शब्द बोलू नको."

"अगं, शाई जाईल."

"जाऊ दे."

"आपली हाय ती बाई, आपली शाई हाय."

"म्हणूनच म्हणते, जाऊ दे."

पडद्यामागं आम्ही सहा तास बसलो. बा बेजार. दर घडीला उठायचा, मी बसवायची. आणि मला काय व्हत होतं ते सांगू? मला ग्वाड वाटत होतं. माझंच काम मरून राहिलं होतं उन्हात, तरीबी ग्वाड वाटत होतं. आयुष्यभर आमच्या अंगावर पाणी टाकून ह्यांनी स्वतःला शुद्ध केलं. आज त्याच पाण्यानं ह्यांचं वाटोळं व्हावं, आणि ते मी डोळ्यांनी बघावं. देवाला हात जोडले म्या त्या दिवशी, आणि मागितलं ते एवढंच.

चार वाजता कलेक्टरसाहेब आले. हार, नारळ, भाषणं. मग बाहेरून बोलावलेले वादक मंचावर बसले, नावाजलेले गृहस्थ. अप्पा स्वतः तो खास बनावटीचा तबला दोन्ही हातांनी उचलून घेऊन गेला. कॅमेऱ्याकडं तोंड करून ठेवला. वादकांनी एक थाप दिली, आणि आवाज आला, फद्द. भिजलेल्या पोत्यावर काठी मारावी तसा.

त्यांनी हातोडीनं ठोकलं, परत थाप. दुसऱ्या थापेला शाईला भेग गेली, तिसऱ्याला खपला उडाला. त्यांनी बोट वर करून बघितलं, बोट काळं. मंडपात आधी कुजबुज, मग मागच्या रांगेतून हशा. आणि तो सोलापूरचा फोटोवाला मारून राहिला होता फोटो, खटाखट. ह्या बारीला त्यानं अप्पाचं तोंड घेतलं. चांगलं जवळून घेतलं.

अप्पा घामाघूम पडद्यामागं आला. "मामा," म्हणाला. बापजन्मात त्यानं बाला मामा म्हटलं नव्हतं. "मामा, चला लौकर. दुसरी पुडी चढवा. अब्रूचा प्रश्न हाय."

बा उठला. हातोडी घेतलीसुद्धा. हाक आली की उठायचं, हे त्याच्या हाडात बसलेलं. म्या हातोडीवर हात ठेवला.

"बा, ठेव ती."

"बाई..."

"ठेव." मग अप्पाकडं वळले. "अप्पा, हात नुसते येत न्हाईत. तोंडासकट येतात. आधी तिथं मंचावर, साहेबांच्या शेजारी बसवून बाचा फोटो काढा. पटका बांधून. मग पुडी."

अप्पानं माझ्या बापाकडं बघितलं, बाच्या पायातल्या तुटक्या चपलेकडं बघितलं. "तिथं?" म्हणाला. "साहेबांशेजारी? याड लागलं का तुला?"

"मग वता अजून पाणी. तुमच्या पाण्यानं शुद्ध व्हतंय तर वाजंलबी."

हत्यारांची पिशवी म्या खांद्याला लावली. बाला पुढं घातलं, आणि मंडपाच्या मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या देखत, आम्ही दोघं बाहेर पडलो. मागून अप्पा वरडला, तुमची एक पुडी घेतली तर नाव बदलीन. त्यानं शब्द पाळला. आमचे लई हाल झाले, त्याचं गाणं गात न्हाई.

स्टँडवर बस येईना. बा एकाएकी हसायला लागला. "कसा वाजला गं? फद्द!" डोळ्यांत पाणी येईस्तवर हसला. मीबी हसले. मग डोळे पुसत, हळूच, लेकरासारखं विचारलं त्यानं, "पर बाई, पुडी चढवली असती तर काढला असता का गं त्यांनी माझा फोटो?"

म्या म्हटलं, न्हाई. कधीच न्हाई.

पर मला तरी कुठं माहीत? काढलाबी असता, एखादा, कोपऱ्यात उभं करून. ते कुसळ अजून रुतलेलं हाय माझ्यात.

पुढच्या साली अप्पाच्या दुकानाचं कॅलेंडर निघालं. स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात टांगलेलं. तबला, आणि तबल्यावर दोन हात. खाली मोठ्या अक्षरात दुकानाचं नाव, आणि 'आमची परंपरा'. बानं कॅलेंडरजवळ जाऊन आपला डावा अंगठा त्या अंगठ्याशेजारी धरला. हातोडी लागून चिरलेलं नख, तिथंबी आणि इथंबी. "ह्ये माझे हात हायत," त्यानं हॉटेलवाल्याला सांगितलं. हॉटेलवाला म्हणाला, "व्हय की, आणि वरचं देवाचं चित्र माझं हाय. चहा घेतो का सरकतो?"

दोन उन्हाळ्यांनी बा गेला. तेराव्याला पाव्हणे म्हणाले, फोटो आणा, हार घालू. फोटो कुठला! म्या ते कॅलेंडर पैदा केलं, दुकानाचं नाव कात्रीनं कापून चुलीत घातलं, आणि उरलेले हात भिंतीला लावले. हार हातांना घातला. पाव्हणे एकमेकांकडं बघत राहिले. बघू दे, म्हटलं.

आता मी नांदेडात असते. माझं स्वतःचं दुकान हाय, नाव बाचं हाय. पुड्या तेलंगणापर्यंत जातात. प्रदर्शनात गाळा लावते. माझ्या गाळ्यावर पाटी: 'हात लावून बघा. फोटो विचारून काढा.'

मागल्या प्रदर्शनात एक पोरगा आला, झुळझुळीत कपड्याचा. न विचारता माझ्या हातांवर मोबाईल धरला. "आजी, हात जरा पुढं घ्या ना. कसलं भारी दिसतंय." म्या हात पदराखाली घेतले. मग त्यानं कार्ड दिलं. म्हणाला, आजकाल अशी शाई कुणी लावत न्हाई, गिऱ्हाईक आमचा माल परत आणून राहिलेत, महिन्याला जेवढ्या व्हतील तेवढ्या पुड्या आम्हाला द्या. कार्डावरचं नाव वाचलं. कात्रीनं कापून चुलीत घातलेलं तेच नाव. अप्पाचा नातू.

त्याला म्या खुर्ची दिली. पाणी दिलं. पाणी त्यानं पिलं, माझ्या हातचं. मग म्हटलं, "तुझ्या आजाकडं एक जुना फोटो असंल. तबला, त्याच्यावर दोन हात. त्या हातामागं एक माणूस होता. त्याचं तोंड आणून दे, मग पुडी ने."

पोरगं गोंधळलं. म्या सगळं सांगितलं त्याला, पटक्यापासून तांब्यापर्यंत, गाळ्यातल्या लोकांच्या देखत. त्याची मान खाली गेली. म्हणाला, "आजी, मी तर तेव्हा नव्हतोच. ते तोंड मी आता कुठून आणू?"

"मग पुडीबी तिथूनच आण."