हिलालभाऊंचा लाल रकाना

हिलालभाऊ बोरसे यांना मी आधी ऐकले आणि मग पाहिले. सुरतेजवळच्या उधन्याच्या मराठी शाळेत मी नुकताच लागलो होतो. शाळा सुटल्यावर घरी जाताना वाटेतल्या एका गाळ्यातून ठोक्यांचा आवाज येई. सात ठोके, जरासा विसावा, पुन्हा सात. पोरांकडून कविता चालीवर म्हणवून घेण्यात ज्याची हयात चालली आहे, अशा माणसाला दुसरे काय वाटणार? मी दारात उभा राहून बोटांवर मात्रा मोजू लागलो. आतले गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "मास्तर, मोजू नका. मन्ही गिनती चुकस."

मी मास्तर आहे हे तुम्हाला कसे कळले, असे मी पुढे एकदा विचारले. भाऊ म्हणाले, "कामाच्या वेळी दुसऱ्याच्या दारात उभं राहून बोटं कोण मोजणार?"

जेकार्ड मागाची कार्डे ठोकणे हा भाऊंचा धंदा. साडीवर मोर यायचा की कोयरी, हे पुठ्ठ्याच्या एका लांबच लांब माळेतली भोके ठरवतात. भोक असेल तिथे धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. भाऊ ती भोके पाडत. खानदेशातून आलेल्या आमच्या निम्म्या उधन्याने विणलेल्या साड्यांवरचे मोर भाऊंच्या हातून उडालेले आहेत, असे मी एकदा शाळेच्या संमेलनात म्हटले होते. भाऊंनी सभा संपल्यावर माझी दुरुस्ती केली. निम्मे नाही, चार कारखाने.

नव्वदच्या दशकात संगणक सुरतेत आला, तेव्हा आमच्यासारखे लोक त्याच्याकडे पाहुण्याकडे पाहावे तसे लांबून पाहत होते. भाऊंना मात्र तो घरचाच वाटला. "भोक आहे, भोक नाही. त्यालाबी एवढंच कळतं," असे ते म्हणत. जुना संगणक आणि मोडेम त्यांनी आणला आणि गाळ्याच्या मागच्या भिंतीशी मांडला. रविवारी सकाळी फोनची तार काढून मोडेमला लावली जायची, मग मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज व्हायचा आणि बाहेर उभी असलेली दहा-वीस माणसे एकदम गप्प व्हायची. पलीकडून पत्रे येत. 'कट्टा' नावाची मराठी संगणकवेड्यांची एक टपालयादी होती; एकाने लिहिले की ते सगळ्यांना पोहोचे. कोणी पुण्याचे, कोणी नाशिकचे, एक अमेरिकेचे. मराठी पत्रे रोमन अक्षरांत लिहायची आणि प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचे, अशी तिथली रीत. भाऊ तिथे 'जेकार्डवाले' होते. पुण्याच्या माधवीताई स्वतःला 'कॅप्टन' म्हणवत, कारण टीव्हीवर तेव्हा एक अंतराळयानाची परदेशी मालिका लागे आणि ती या मंडळींना तोंडपाठ होती.

त्या मालिकेवर कट्ट्यावर घनघोर वाद चालत. यान प्रकाशापेक्षा वेगाने कसे जाते, परग्रहावरच्या लोकांना इंग्रजी कसे येते, वगैरे. एकदा भाऊंनी एका ओळीचे पत्र टाकले. "त्या यानात झाडू कोण मारते?" पहिला आठवडा सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यात कोणी तरी गंभीर उत्तर दिले. पुढे महिनाभर डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक मंडळी यानातल्या झाडूवाल्याची पाळी, त्याची सुट्टी आणि त्याला बढती का मिळाली नाही, यावर भांडत होती. भाऊंनी त्यात पुन्हा एक अक्षर लिहिले नाही. त्यांनी विचारायचे ते विचारून टाकले होते.

कट्ट्यावरून आलेल्या बातम्या भाऊ गाळ्याबाहेरच्या फळ्यावर लावीत. नवा संगणक किती वेगाचा, कोणत्या देशात यंत्राने बुद्धिबळाचा डाव जिंकला, असे सारे. मजकूर भाऊंचा, अक्षर माझे. पाळी संपवून येणारे कारागीर सायकल टेकवून वाचत. या फळ्याची अर्धी कीर्ती बातम्यांमुळे असेल, पण उरलेली अर्धी उजव्या बाजूच्या लाल खडूच्या रकान्यामुळे होती. त्या रकान्याचे नाव 'चुका'. मागच्या आठवड्यात काय चुकले ते भाऊ तिथे स्वतःच्या हाताने लिहीत, आणि बातमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहीत. एकदा तिथे असा मजकूर होता: 'गेल्या रविवारी या रकान्यात काहीच नव्हते. तेही चुकले. एक चूक होती, ती आम्हाला दिसली नाही.'

मला हे जरा अतीच वाटे. तसे बोललो तर भाऊंनी एक कार्ड माझ्यापुढे धरले. "मास्तर, इथं एक भोक चुकलं ना, तर ते एकदाच नाही चुकत. दर वितीला चुकतं. साडी संपेपर्यंत."

त्यांच्या स्वभावातला मऊपणाही इथे सांगायला हवा. माझी लेक नाशिकला दिलेली. तिच्या नवऱ्याच्या कचेरीतून ती मला भाऊंच्या पत्त्यावर पत्रे पाठवी. भाऊ ती छापून, घडी करून, पाकिटात घालून घरी आणून देत. मी एकदा संकोचाने म्हणालो, "भाऊ, तुम्हाला आमच्या घरच्या भानगडी सगळ्या वाचाव्या लागतात." ते म्हणाले, "वाचल्याबिगर छापता येत नाही. पण विसरता येतं."

आता मुख्य गोष्टीकडे येतो. तिच्यासाठीच या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला चार पाने दिली आहेत असे मी धरून चालतो.

गिरणीकामगारांच्या मुलांना संगणक शिकता यावा, हा भाऊंचा ध्यास होता. माधवीताईंनी कट्ट्यावरच्या मंडळींकडून एक संगणक मिळवला आणि कळवले, कुलूप लागेल अशी खोली असेल तर पाठवते. खोली आमच्या शाळेत होती. तुटके बाक ठेवलेली, पण होती. ती द्यायची की नाही हे शाळा समितीचे अध्यक्ष ठाकोरभाई ठरवणार होते. साडीचे व्यापारी, मनाने मोठे, पण स्वतःची फजिती झालेली त्यांना सोसत नसे. महिनाभर ते "जोऊं, जोऊं", म्हणजे बघू या, बघू या, करत होते.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी भाऊंना मेहुण्यांकडे चलथाणला जायचे होते. मोडेम लावून, पत्रे उतरवून घेऊन ते मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही वाचून ठेवा. मी आल्यावर लावू." मी वाचायला बसलो. तारखेने एक एप्रिलचे 'कॅप्टन' यांचे एक पत्र होते. परदेशात असा पडदा निघाला आहे की फुलाचे चित्र आले की फुलाचा वासही येतो, तारेतूनच. सोबत एका फुलाचे चित्र होते.

मला वाट पाहवली नाही. माझ्यातला कविताप्रेमी उठून उभा राहिला. मी फळ्यावर बातमी लावली आणि तिच्या डोक्यावर स्वतःच्या चार ओळी घातल्या:

दूर देशीच्या फुलाचा
गंध तारेतून यावा,
काचेमागच्या कळीने
उधन्याचा श्वास व्हावा.

अर्ध्या तासात गाळ्यात शिरायला जागा उरली नाही. मी पडद्यावर चित्र लावले, नाक जवळ नेले आणि जाहीर केले, "गुलाब." मागून शाळेच्या शिपायांनी हुंगले, त्यांनाही गुलाब. पानवाल्यांना आधी काही आले नाही, मग आले. शेजारच्या काकूंनी जाई सांगितली. एवढ्यात ठाकोरभाई स्कूटरवरून जात होते ते गर्दी पाहून थांबले. लोकांनी वाट करून दिली. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले, पडद्याला नाक टेकवून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "गुलाब नाय. मोगरा." मग गुलाबवाले आणि मोगरावाले असे दोन तट पडले. मोगऱ्याकडे माणसे भराभर गेली, कारण तिकडे अध्यक्ष होते.

संध्याकाळी भाऊ चलथाणहून परतले. फळा वाचून त्यांनी मोडेम लावला. माधवीताईंचे दुसरे पत्र येऊन पडलेले होते: 'एक एप्रिलची गंमत होती, कोणी फसले का?' भाऊंनी ते मला वाचून दाखवले.

"भाऊ, काही लिहू नका," मी म्हणालो. "ठाकोरभाईंनी सगळ्यांसमोर मोगरा सांगितलाय. तुम्ही गंमत होती म्हणून लिहिलंत की खोली गेली. पोरांची खोली आहे."

"मोगरा?" भाऊ म्हणाले, आणि आतल्या बाजूला वळून त्यांनी हाक मारली. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी हात पुसत आल्या. "सकायमा मी गजरा ठेवेल व्हता ना त्यावर," त्या म्हणाल्या. मागे पाहिले तर खरेच, मॉनिटरच्या माथ्यावर मोगऱ्याचा कोमेजलेला गजरा. घरात आलेल्या यंत्राला त्या रोज फूल वाहत.

भाऊंचा चेहरा उजळला. लाल खडू घेऊन त्यांनी लिहिले: 'तारेतून वास येतो ही बातमी खोटी. पुण्याची एक एप्रिलची गंमत होती. न पडताळता लावली. चूक माझी. ठाकोरभाईंना मोगऱ्याचा वास आला तो खरा आहे. तो आमच्या घरच्या गजऱ्याचा होता. हिलाल बोरसे.'

"पण बातमी मी लावली," मी म्हणालो.

"फळा कोणाचा?"

"तुमचा."

"मग?"

सहीखाली त्यांनी हातभर जागा मोकळी सोडली. ही कशाला, असे मी विचारले. "राहू द्या. कोणाला काही लिहावंसं वाटलं तर."

मला वाटले, सुटलो. खोटेही राहिले नाही आणि अध्यक्षांचे नाकही वर राहिले. ते जरा जास्तच वर राहिले. बाजारात ठाकोरभाईंच्या नाकाची ख्याती झाली. लोक त्यांच्यासमोर उदबत्तीचे पुडे धरू लागले, "काका, यात चंदन खरं आहे का बघा." चौथ्या दिवशी दुपारी ते भाऊंच्या गाळ्यात आले. मी तिथेच होतो. ते स्टुलावर बसले.

"बोरसेभाई, एक वात कहूं, एक गोष्ट सांगू? त्या दिवशी मला शरदी होती. नाक एकदम बंध."

"मग मोगरा?"

"तुमच्या मास्तरने गुलाब सांगितला. मी अध्यक्ष आहे. मी पण गुलाब सांगू?"

मी खाली पाहिले. मला वाटले, भाऊ आता हसतील आणि विषय मिटेल. भाऊ हसले नाहीत. त्यांनी ठोकणी बाजूला ठेवली. "म्हणजे माझी चुकांमधली ओळ चुकली. ठाकोरभाई, दुरुस्तीची दुरुस्ती द्यावी लागेल."

ठाकोरभाई उठून उभे राहिले. "तमे माणस छो के शुं? माणूस आहात की कोण? मी तुम्हाला खाजगीत सांगितलं."

"म्हणून मी नाही लिहिणार," भाऊ म्हणाले. "पण ती ओळ पुसावी लागेल. का पुसली, ते लोक विचारतील. मी गप्प राहीन."

"गप्प राहिलात तर लोक काय समजतील?"

"ते माझ्या हातात नाही."

मी मनात त्या खोलीला निरोप दिला. ठाकोरभाई गाळ्याबाहेर गेले, स्कूटरला किक मारली आणि पुन्हा बंद केली. मग परत आले, लाल खडू मागितला, आणि त्या हातभर जागेत गुजरातीत लिहिले: 'मला कसलाच वास आला नव्हता. शरदी होती.' खाली पूर्ण नाव, अध्यक्षपदासकट.

संध्याकाळपर्यंत फळ्यापुढे रांग लागली. शिपायांनी सही केली. पानवाल्यांनी केली. शेजारच्या काकूंनी लिहिले, 'मला जाईचा आला होता, पण आता तसे वाटत नाही.' जागा पुरेना म्हणून भाऊंनी बातम्या पुसून सगळा फळा चुकांना दिला. पुढच्या बैठकीत ठाकोरभाईंनी खोली मंजूर केली. "ज्या फळ्यावर मी स्वतः लिहिलं, त्याला नाय कसं म्हणू," एवढेच ते बोलले. माधवीताई संगणक गोधडीत गुंडाळून स्वतः घेऊन आल्या. भाऊंनी त्यांना चहा दिला आणि मग लाल खडू दिला. त्या खोलीत शिकलेल्या मुलामुलींचे लेख याच ग्रंथात पुढे आहेत, त्यामुळे मी अधिक सांगत नाही.

फक्त एक राहिले. त्या सह्यांमध्ये माझी नव्हती. सर्वांत आधी हुंगणारा मी, आणि रोज त्या फळ्यावर अक्षर काढणाराही मीच. तरी माझा हात लाल खडूकडे गेला नाही. भाऊंनी पुढचे तीन रविवार कोपऱ्यात एका नावापुरती जागा मोकळी ठेवली. एकदाही विचारले नाही. चौथ्या रविवारी तिथे बातमी आली.

ते आता इथे लिहितो. मला गुलाबाचा वास आला नव्हता. गजरा हातभर अंतरावर होता, तरी मोगऱ्याचाही आला नव्हता. मी माझी कविता हुंगत होतो. आणि ती बातमी लावली मीच. भाऊंची त्यात काही चूक नव्हती.

पंचाहत्तरी पुरी केलेले हिलालभाऊ हा ग्रंथ लाल पेन हातात घेऊन वाचतील, याविषयी आम्हा कोणालाच शंका नाही. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, हात असाच स्थिर राहो, गुडघे त्यांना रोज गाळ्यापर्यंत नेऊन परत आणोत आणि सुमनवहिनींच्या सोबतीने त्यांनी शंभरी सहज ओलांडावी. या लेखात काही चुकले असेल तर भाऊंनी निरोप पाठवावा. या खेपेला सहीला मी पहिला येईन.