तीन नंबर डबल मारते

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी सेठजींनी माझ्या डोक्यामागे स्टीलची थाळी पाडली. मी वळली नाही.

वळणार कशी? मला ठाऊकच नाही की थाळी पडली. मी तीन नंबरच्या प्रेसला हळदकुंकू लावून राहिली होती. मान वर केली तर अख्खा शेड माझ्याकडे पाहून हसत होता. सेठजींचे पाहुणे, त्यांची सून, सुपरवायझर, आणि हातात लाडू धरून उभ्या आमच्याच बायका. सेठजींनी थाळी उचलली, माझ्या मागे गेले, पुन्हा पाडली. या खेपेला ती गोल गोल फिरत माझ्या पायाशी आली, म्हणून मला दिसली.

मग त्यांनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. काहीतरी विचारलं. मी हसली आणि मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा हलवली. तिसऱ्यांदा पण. नंदीबैलासारखी. मग त्यांनी माझ्या हातावर लाडू ठेवला आणि तो मी तिथेच उभी राहून खाल्ला. थाळीपेक्षा त्या लाडवाची मला जास्त लाज वाटते. आजही.

आमच्या कारखान्यात जेवणाच्या डब्यांची झाकणं बनतात. सतरा वर्षं मी तीन नंबरवर बसली. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायाने पायडल दाबायचं, वरून ठोका पडतो, झाकण तयार. मग हात आत घालून झाकण काढायचं. अशा आठ मशिनी, एका टिनाच्या शेडात. तिथे कोणीच कोणाचं ऐकत नाही. पाणी पाहिजे तर अंगठा तोंडाकडे, पत्रा संपला तर तळहात पालथा, सुपरवायझर आला तर नाकावर बोट. सगळ्यांचं बोलणं हातानेच. म्हणून मी बहिरी होऊन राहिली हे कोणाला कळलं नाही. मलाही नीट कळलं नाही. वर्षातून एकच दिवस मशिनी बंद राहतात, त्यांची पूजा असते. त्याच दिवशी मी पकडली गेली.

घरी थोडं कळत होतं. कांचघर वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी आणि माझी पोरगी, दोघीच. ती कॉलेजात जाते, मराठी तिला समजते पण बोलते हिंदीच. ती ओरडायची, मी म्हणायची, हो हो. एकदा "काय?" विचारलं तर लोक सांगतात. दोनदा विचारलं तर जोरात सांगतात. तिसऱ्यांदा विचारलं की त्यांचं तोंड वाकडं होते. त्या वाकड्या तोंडाची मला भीती बसली होती. म्हणून मान हलवायची सवय लागली. हलवली की माणूस खूश होऊन निघून जाते.

तो व्हिडिओ कुठल्याशा ग्रुपवर फिरत फिरत पोरीपर्यंत आला. तिने तो पाहिला आणि वहीच्या पाठीमागे मला तिन्ही प्रश्न लिहून दिले. तुम बचपन से ऊँचा सुनती हो ना, म्हणजे लहानपणापासूनच कमी ऐकू येते ना? कारखाने में तो कुछ नहीं हुआ? कोई शिकायत तो नहीं? तिन्हीला माझी मान हो. वर दात काढून हसणं. पोरगी रडली. मला रडू आलं नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली आणि ती आग कोणावर काढावी कळेना, सेठजींवर की माझ्या मानेवर.

कानाच्या डॉक्टरने कागदावर लिहून दिलं की हे वर्षानुवर्षांच्या आवाजाने झालं. कागद घेऊन मी सेठजींकडे गेली. त्यांनी तो वाचलाही नाही. खिशातून मोबाइल काढला आणि माझाच हसरा चेहरा मला दाखवला. दुसऱ्या दिवशी मला मशिनीवरून उठवलं. हातात फडकं दिलं, झाकणं पुसा म्हणे. तीन नंबरवर कविता नावाची नवी बाई बसवली. तिला काम शिकवायला मीच.

पोरीने मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, गढ्याला नेलं, जवळजवळ ओढतच. तिथे एका शिलाईच्या दुकानावर फळ्यांचा माळा आहे, तिथे रेशमा खुणांची भाषा शिकवते. रेशमा जन्मापासून बहिरी. मी पहिल्या दिवशी तोंड फिरवून बसली. मनात म्हटलं, मी काय मुकी आहे काय? मी ह्यांच्यातली नाही. खोटं काहून बोलू, सेठजींनी मला जसं पाहिलं तसंच मी त्या माळ्यावरच्या लोकांना पाहिलं होतं.

तिथे पण मी मान हलवायची. रेशमा हाताने भराभर काही सांगायची, मी हसून हो. एक दिवस तिने मला खूप वेळ काहीतरी विचारलं. मी हो म्हटलं. तिने पाटीवर लिहिलं, "मैंने पूछा, तुम्हारे घर में आग लगी है?"

सगळे हसले. मी पण हसली. रेशमा मात्र हसायची थांबली. जवळ आली, दोन बोटांनी माझी हनुवटी धरली आणि घट्ट धरून ठेवली. माझ्याहून वीस वर्षांनी लहान पोरगी. तिच्या बोटांत माझी मान तरी हलायला पाहून राहिली होती, इतकी सवय! मग तिने पाटी पुसून लिहिलं, "नहीं समझी तो नहीं बोलो."

त्या दिवशी तिने मला दोन खुणा शिकवल्या. नाही, आणि समजलं नाही. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, आठवडाभर आरशासमोर उभी राहून त्याच दोन खुणा करत होती. हात लवकर शिकले. चेहऱ्याला वेळ लागला. कारण त्या भाषेत हसत हसत नाही म्हणता येत नाही, चेहऱ्यानेही नाही म्हणावं लागते.

आणखी एक शिकली. माळ्यावर कोणाला हाक मारायची तर पाय आपटतात. फळी थरथरते, माणूस वळते. मला आधी हसू यायचं. मग माझेही तळपाय जागे झाले. जिन्यावर कोण येऊन राहिलं, जड आहे की हलकं, मला पाठ फिरवून कळायला लागलं.

तेच पाय घेऊन मी कारखान्यात गेली. झाकणं पुसायची माझी जागा तीन नंबरच्या बाजूलाच. चप्पल काढून बसली. धप्. धप्. धप्. एका पायडलला एक ठोका, बरोबर. आणि मग एकदा, कविताने पायडलवरून पाय काढल्यावर, मागून बारीक एक धप्.

सतरा वर्षं मशीन चालवलेल्या बाईला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मशीन डबल मारून राहिली होती. आतला क्लच घासला की हातोडा पायडल न दाबता पुन्हा खाली येतो. अजून पुरता येत नव्हता, वितीएवढा खाली सरकून थांबत होता. आणि तो सरकते तेव्हाच झाकण काढायला बाईचा हात आत असते. पहिल्या दिवशी दोनदा झालं. आठवड्याने दिवसात सात-आठदा. दर वेळी आधीपेक्षा जरा जोरात.

सुपरवायझरला सांगितलं. त्याने आधी स्वतःच्या कानाला बोट लावलं, मग डोक्याजवळ फिरवलं. सेठजींकडे गेली. माझ्या मोबाइलवर पोरीने सोय करून दिली आहे, समोरचा बोलला की अक्षरं उमटतात. तो मी त्यांच्यासमोर धरला. अक्षरं उमटली, "जिसको थाली सुनाई नहीं दी, उसको मशीन सुनाई दे रही है।" मग खाली आणखी एक ओळ, "माल जाना है, मशीन नहीं रुकेगी।"

कविताला सांगितलं. तिला ठाऊक होतं. झाकण काढताना ती हात झटकन मागे ओढायची, हे मला आधीच दिसायला पाहिजे होतं.

मग सरकारी साहेब तपासणीला यायचा दिवस आला. सकाळीच तीन नंबरला तारेने, दाखवण्यापुरती, हात वाचवायची एक नवीकोरी जाळी बांधली. मला नवा एप्रन घातला आणि सगळ्यात जुनी कारीगर म्हणून मशिनीशेजारी उभं केलं. काहून, ते मला ठाऊक होतं. मी मान हलवणारी होती ना. साहेब आला. सेठजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. मोबाइल त्यांनी आधीच माझ्याकडून काढून घेतला होता. साहेब माझ्याकडे पाहून काही बोलला आणि थांबला.

सगळे माझ्याकडे पाहून राहिले होते. सेठजी हसत होते. माझं तोंड आपोआप हसायला लागलं, मान खाली जायला लागली. मी माझीच हनुवटी दोन बोटांनी धरली.

आणि खूण केली. समजलं नाही. मग तोंडाने म्हटलं, आवाज किती निघाला देव जाणे, "लिख के पूछिए, साहब."

सेठजींचा हात खांद्यावर जड झाला. साहेबाने कागदावर लिहिलं, "मशीन ठीक है?" मी खूण केली, नाही. चेहऱ्यासकट. कविताकडे बोट करून तोंडाने म्हटलं, "डबल मारते. इसका हाथ जाएगा." आणि वळून तीन नंबरचा खटका पाडला. पायाखालचा एक ठोका कमी झाला. सेठजींनी माझं मनगट धरलं, मी सोडवून घेतलं.

साहेबाने काहीतरी लिहिलं. चहा पिला. गेला. काय लिहिलं मला कोणी दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मला गेट बंद. जेवणाच्या सुटीत कविता गेटशी आली. तिने जमिनीपासून हात दाखवला, एवढं एक लेकरू, एवढं दुसरं. मग हात जोडले. म्हणजे ती परत तीन नंबरवर बसली होती. मी पिशवीतून माझ्या घरची सांडशी काढून तिला दिली. झाकण हिने काढ, हात घालू नको, असं करून दाखवलं. तिने ती पदराखाली लपवून आत नेली.

मी शेडाच्या मागच्या भिंतीला तळहात लावून उभी राहिली. आठही चालू होत्या. पण तीन नंबर मी हजारात ओळखीन. धप्. धप्. आणि मागून दुसरी धप्. आता बारीक नव्हती.

मी कामगार ऑफिसात अर्ज टाकला. सोमवारी तिथे माझी पेशी, म्हणजे सुनावणी आहे. मी अर्जात लिहिलं, प्रश्न लिहून द्या नाहीतर खुणा जाणणारा माणूस द्या. रेशमा येऊन राहिली, पोरगी येऊन राहिली. सेठजी तो व्हिडिओ घेऊन येतीलच. येऊ द्या. ती हसणारी बाई मीच आहे, असं मी स्वतःच सांगीन, आणि काहून हसत होती तेही सांगीन. अर्ज फेकला तर दुसरा देईन. बाहेर काढलं तर दारात बसीन. तीन नंबर बंद होत नाही तोवर माझ्या मानेतून कोणालाच हो मिळणार नाही.